शेलूबाजारचा निवडुंग

थांबा, थांबा सर, उघड्या हातानं नका धरू — ही पिशवी घाला आधी बोटाइले, चीक लागंल — हो, अख्खी कुंडीच आणली मी. दवाखान्यातून अनसिंगले घरी गेली, कुंडी उचलली आन् लगेच परत वाशीमले, जीपमधे मांडीवर घेऊन. एक आजी म्हणे, काय वं, वांग्याचं रोप आहे का? नाही, चहा नको. काकूंना म्हणा खरंच नको, तुमी फक्त नाव सांगा, मी निघाली. ओळखलं ना पण मले? रंजीता. वर्गीकरणात ब्याऐंशी दिले होते तुमी, वर्गात पहिली — आन् आता माझी आठ महिन्यांची पोरगी दवाखान्यात पडली आहे, उजवा डोळा उघडत नाही तिचा, आन् मी तुमच्या दारात येऊन बोराएवढ्या झाडाचं नाव इचारून राह्यली. मले तं जीपमधेच हसू फुटलं होतं सर. मंग पाह्यलं तं ते हसू नव्हतं.

काल सकाळची गोष्ट. याचा चीक गेला राणूच्या डोळ्यात. डोळ्याच्या मॅडमनं तासभर पाण्यानं धुतला, थेंब टाकले, पट्टी बांधली. म्हणे बुबुळावर पांढरट आलं आहे, झाडाचं नाव आणा, नुसतं शोभेचं झाड म्हणून भागत नाही, काहींचा चीक वरवर जाळते, काहींचा दोन दिवसांनी आत उतरते, नाव समजलं तं नागपूरच्या मोठ्या डॉक्टरले इचारता येते. आन् मी काय म्हणावं? मी म्हटलं, मॅडम, मी एमेस्सी बॉटनी आहे. त्या म्हणे, अरे वा, मंग सांगा. सांगा! शेलूबाजारच्या नर्सरीत शफीकभाईनं कुंडीत नावाची काडी खोचली होती, 'आफ्रिकन बेबी कॅक्टस', मले तेवढंच ठाऊक. त्याले फोन केला तं म्हणे, ताई, माल पुण्याहून येते, नाव आमीच ठेवतो, गिऱ्हाइकाले आवडंल असं. मोबाइलनं फोटो काढले तं तीन फोटोंची तीन नावं. आन् तुमचं वाक्य कानात — फूल पाह्यल्याशिवाय नाव घेऊ नका. याले फूल आहे सर, पाहा ना, त्या वरच्या दांडीवर — फूल नाहीच म्हणा ते, वाटी आहे, मधात एक मादी, भोवती नर — पाहा, मले येते सगळं, फक्त आखरीचं नाव येत नाही.

भिंग खिडकीपाशी घ्या ना, उजेड आहे तिकडं. कॅक्टस नाही हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. कॅक्टस अमेरिकेकडचं, हे आफ्रिकेचं, दोघांनी पाणी साठवाले सारखं अंग धरलं एवढंच — मी घरात सगळ्याइले सांगतलं हे, कोणी ऐकते का? माझी मोठी जाऊ शीलाबाई, तिचं एकच, निवडुंग घरात आणला, आता भांडणं लागतील. मी म्हटलं, निवडुंग नाही हा. ती म्हणे, काटे नाहीत, पानं नाहीत, मंग काय गुलाब आहे? आन् सासूबाई, लिलाबाई, त्या परवाच पोथी वाचता वाचता म्हणल्या, निवडुंगाले हात लावून डोळ्याले लावू नये वं, आमच्या गावात एका बैलाचा डोळा गेला होता कुंपणाच्या निवडुंगानं. मी मनात म्हटलं, या अडाणी बायाइले कोण समजावंल. आन् सर, कुंपणाचा निवडुंग तं याच्याच कुळातला! त्या दोघी बरोबर होत्या. चौथी शिकलेल्या बाईनं कुळ बरोबर लावलं आन् ब्याऐंशीवाली —

काय म्हटलं? ग्लोबोसा? यूफोर्बिया ग्लोबोसा. नक्की ना सर? लिहून द्या. हां. दक्षिण आफ्रिका. चीक जहाल, असं लिहा. आधी दुसरं नाव होतं याचं? डॅक्टिलँथिस — म्हणजे बोटांसारखं फूल, नाही का? दोनशे वर्षांपूर्वीचं, आन् तीनच वर्षांत बदललं. बरं आहे झाडाचं. चुकीच्या जागी टाकलं तरी कोणीतरी भिंग घेऊन बसते आन् जागेवर आणून ठेवते. — चला मंग, निघते मी. लई उपकार झाले.

काय पाहून राह्यले सर अजून? नाव झालं ना? कुठं? तो तुटलेला गोळा? तो — ते माझ्या पुतणीनं तोडलं. संस्कृती. शीलाबाईची पोरगी, सहा वर्षांची. तिले सवय आहे सगळ्याले हात लावायची. तिनं तोडलं आन् चीक उडाला राणूच्या डोळ्यात. मॅडमले असंच सांगतलं मी. — नखाची खूण आहे. हो. दिसते मले. लहान लेकरू तोडते तं ओढते, पिरगळते, बरोबर आहे तुमचं, हा काप आहे, मोठ्या नखाचा, सरळ. तुमी कायले इतकं बारीक पाहता सर? कॉलेजातही तुमी असेच, पोरं म्हणायचे, सरांसमोर पान खोटं बोलू शकत नाही —

मी तोडलं. मीच. शीलाबाईले दाखवायले. म्हटलं, पाहा, पांढरं दूध निघते का नाही, हे निवडुंगाचं नाही, हे वेगळं कुळ. नख लावलं, थेंब आला, बोट असं वर धरलं तिच्यासमोर. तिनं पाह्यलंही नाही सर. ती कुकरची शिट्टी मोजून राह्यली होती. मी बोट ओढणीले पुसलं — धुतलं नाही, पुसलं — तेवढ्यात बाहेरून आमचे हे, करण, ओरडले, रंजीता, चाल, जऊळक्याले पोहोचाले उशीर होते. तिथं लग्न होतं. मी राणूले मांडीवर आडवी घेतली आन् काजळाची डबी उघडली. मले माहीत आहे सर, काजळ घालू नये, दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगतलं होतं, मीच बायाइले सांगत असते. पण लग्नातल्या बाया म्हणतात, एमेस्सी झाली, लेकराचे डोळे रिकामे ठेवते. मंग मी घरचं केलं, तुपावर पाडलेलं, शुद्ध. शुद्ध! त्याच बोटानं.

संस्कृतीचं इचारता? तिनं हो म्हटलं सर. सगळे तिच्याभोवती उभे राहिले, तिच्या आईनं एक ठेवून दिली, म्हणे, तूच तोडलं ना? तिनं एकदा माझ्याकडं पाह्यलं आन् म्हणे, हो. कालपासून जेवली नाही. मी तिथंच होती. पदर असता तं तोंडात कोंबला असता, ओढणी होती, तिच्यावर चीक होता.

काय? उडाला का काजळासंगं भरला, यानं काय फरक पडते? — मॅडमनं उडाल्याचं समजून वरून पाणी मारलं, हो. तुपातलं काजळ पाण्यानं निघत नाही. पापणीच्या आत बसलं असंल अजून. हे मले कसं नाही — सर, थांबा, एक सांगायचं राह्यलं. काजळ एका डोळ्यात कोण घालते? आधी उजव्यात घातलं, मंग डाव्यात, बोटाले उरलेलं. मॅडमनं इचारलं होतं, दुसरा डोळा बरा आहे ना? मी म्हटलं, बरा आहे. कारण उडालेला चीक एकाच डोळ्यात जाते ना, मंग दुसरा बरा असावाच लागते. सकाळपासून पाणी येऊन राह्यलं डाव्यातून. मी सांगतलं, रडून झालं.

किती तास झाले म्हणता? मीच आता बोलता बोलता मोजून राह्यली. एकतीस.

द्या, द्या माझा मोबाइल, ती पिशवी बाजूला करा — लागला. करण, मॅडम कुठं आहेत? नाव भेटलं, हो, ते राहू द्या, मॅडमले द्या फोन. तुमाले नाही सांगत, त्यांना द्या — आन् शीलाबाई तिथंच आहेत का? मंग स्पीकरवर टाका. टाका म्हटलं ना! — सर, तुमी जरा बाहेर बसा. तुमचंच घर आहे, माहीत आहे मले. बसा ना बाहेर, दार ओढून घ्या. — हॅलो, मॅडम —