आप्पांनी न्हाय म्हणलेला बैल

लिहून घ्या, माझी ना न्हाय, पण आधी मला सांगा बाई, हे नेऊन दावणार कुणाला? अंगठाबिंगठा लागत न्हाय नव्हं? रागावू नका. आमच्या घराची खोडच हाय तशी, कुणी द्यायला आलं की त्याच्या पाठीमागं कोण उभाय ते आमी आधी बघतो.

म्या जळकोटच्या अंगच्या एका खेड्यातली, लिंगायत तेल्याची लेक, आणि दिली ती बी तेल्याच्याच घरात, तिकडं तुळजापूरच्या वाटंवरच्या गावाला. बापानं आंदण दिला एक बैल, पांढऱ्या कपाळाचा, नंद्या. म्या रडत रडत सासरी निघाले आन् तो माझ्याम्होरं चालत होता, तवा त्या घरात माझं माणूस म्हणाल तर तेवढंच. सासऱ्यास्नी आमी आप्पा म्हणायचो. दारात लाकडाचा घाणा, नंद्या डोळ्याला झापड बांधून दिसभर गोल फिरायचा, करडईचं तेल निघायचं, त्यावर आमचं पोट. सोमवारी तेवढं त्याच्या मानंवर जू न्हाय. आमच्यात सोमवारी बैल जुपत न्हायत, तो नंदीचा दिवस, मंग घरात चूल पेटो न पेटो.

राज्य निजामाचं. आमाला सरकार ठावं ते लेव्हीचं, ज्वारी मळून झाली की माणसं येणार आन् कणगीत हात घालणार. त्यात तिकडं लाम, म्हंजी मोठी लढाई, चाललेली, गाड्या आन् बैल धरून लामावर धाडत्यात अशी आवई. खरी का खोटी कुणी बघितलंय, पण आप्पांनी नंद्याला गावात ठेवायचंच सोडलं, काम झालं की लांब ओढ्याकडच्या खोपटात नेऊन बांधायचे.

आन् मंग उंदरं पडाय लागली. प्लेग. गाव उठलं, माळावर खोपटी घातली. कुंभारानं चाक नेलं, चांभारानं रापी नेली, पण घाणा कसा न्यावा, तो तर जमिनीत पुरलेला. काय सांगू तुम्हाला, माळावर बसून पेरायची करडई बी भाजून खाल्ली आमी. रोग हटला, माघारी आलाव, तर घाणा वाळून वाळून उकललेला, आन् गाळायला घरात दाणा न्हाय, एक पायली कशीबशी सासूनं लपवून ठेवली होती तेवढीच.

तवा दवंडी पिटली. ज्याचा धंदा रोगानं बसला त्याला सरकारातून मदत, त्यांची इमदाद, मिळणार, तपासणीचा गिरदावर साहेब येणार, त्यांच्याम्होरं धंदा चालवून दावायचा, मंग ज्याला जे कमी ते देणार. आप्पा म्हणाले, घेणारा हात देणारा कवापासून झाला? यात काय तरी मेख हाय. सासू म्हणाली, असंल मेख, पण करडई दिली तर घाणा फिरंल. न्हाय तर खायचं काय? मला बी वाटलं, घाणा फिरला न्हाय तर आज ना उद्या नंद्या बाजारात जाणार. माझा जीव तिथं अडकलेला.

आन् तो गिरदावर आला सोमवारी. आप्पा म्हणाले, बघा, वारच असा धरलाय की धरम तरी सोडा न्हाय तर बैल तरी दावा.

उंच माणूस, काळी शेरवानी, तोंडाला रुमाल. म्हणाला, चलाके दिखाव. आज सोमवार हाय म्हणावं तर बैल हाय हे कळतंय, आन् न्हाय फिरवला तर इमदाद जातीय. आप्पांनी काय केलं, जू उचललं आन् सवताच्या खांद्यावर घेतलं, दुसऱ्या अंगाला आमच्या मालकाला घातलं. बाप-लेक घाण्याला. म्या पदर डोळ्यापर्यंत वढून आत करडई लोटत बसले. घाणा असा करकरला की शेजारची माणसं दारात आली. तेलाची धार लागली, दोऱ्यावाणी बारीक. त्या साहेबानं रुमाल खाली घेतला आन् इचारलं, बैल नै?

आप्पा उंबऱ्यात टेकून धापा टाकत होते. म्हणाले, न्हाय.

सासूनं पदर तोंडात कोंबला. बाई, आमच्यात मीठ सरलं म्हणत न्हायत, वाढलं म्हणत्यात. बांगडी फुटली म्हणत न्हायत. आन् ह्या माणसानं जित्या बैलाला, सोमवारच्या दिशी, उंबऱ्यात बसून न्हाय म्हणलं.

आठवड्याच्या आत शिपाई बैल घेऊन दारात हजर. कोंडवाड्यातला, प्लेगात मेलेल्या कुणाचा तरी, तांबडा. दाणा न्हाय, बैल! शेजारच्या गावच्या तेल्याला मातर करडईचं पोतं मिळालं. त्यानं म्हणे सरळ सांगितलं, साहेब, आज सोमवार, आज न्हाय जुपत. साहेब म्हणाला, अच्छा, तो कल देखेंगे. राहिला तिथंच, मंगळवारी घाणा बघितला आन् गेला. एवढंच व्हतं ते.

पण आप्पास्नी पटतंय व्हय? म्हणाले, आता तर पक्की मेख. दोन बैल दिसले की खोटं बोलला म्हणून धरून नेतील. रातोरात नंद्याला माझ्या माहेरी धाडला. तांबड्याला घाण्याला लावीनात, वाळला तर सरकार भरून मागंल म्हणून. लोकं आपली करडई आणायची, बाप-लेक गाळून द्यायचे, पेंड आमाला ऱ्हायची, ती तांबडा खायचा. म्या पोटुशी, भाकरीला महाग, आन् सरकारचा बैल दारात तुकतुकीत. लई राग यायचा मला, कुणाचा ते कळायचं न्हाय.

मंग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आप्पा म्हणाले, आता आणा नंद्याला. म्या आन् मालक चालत गेलाव. बापानं पाणी दिलं, आतनं नुसतं दावं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. घटसर्पानं गेला होता. म्या तिथंच डोकं आपटून रडले. आप्पास्नी सांगितलं तवा ते खाली बसले आन् म्हणाले, म्याच न्हाय म्हणलं व्हतं. तांबड्याला कुणी न्यायला आलं न्हाय. म्हातारा होऊन आमच्याच दारात मेला.

परवाच्या त्या कोरोनात नातवाची तेलाची गिरणी बंद पडली. लाईटवर चालती, पण सोमवारी बटण दाबत न्हाय तो. एक दिस आला, म्हणतोय, आजी, धंदेवाल्यास्नी मदत मिळतीय, माझी मंजूर झाली. म्या त्याचा हात धरला. इचारलं, काय न्हाय म्हणून सांगितलंस तू? तो हसला. म्हणाला, काय बी न्हाय गं, जे हाय ते सांगितलं. मंग घे म्हणलं, देवाम्होरं बेल ठेवून घे, बरकत येऊ दे. तरी दारात कोण उभं ऱ्हायलं की म्या आधी त्याच्या हातात दावं हाय का ते बघते.

निघालात? लिहिलेलं न्या, तुम्हाला न्हाय म्हणत न्हाय. फकस्त उंबऱ्यात जाते म्हणू नका बाई, येते म्हणा.