पायलच्या लग्नातली रांग

विजयमाला : ...तेच सांगून राह्यली न मी तुले मावशी. ही एलईडीची गाडी आली तवापासून डिझेल भरा लागत नाही, जनरेटरची धडधड नाही. परवा पुसदच्या वरातीत घोडेवाला मोबाइलवर बोलत होता, अन् त्याचं बोलणं चक्क सगळ्यायले ऐकू येऊन राह्यलं होतं. आधी नवरदेवाच्या कानात ओरडलं तरी त्याले समजत नव्हतं.

धुरपता : हो बाई. चांगलं चालून राह्यलं म्हनतात.

विजयमाला : चांगलं म्हणजे! रातभर बॅटरी चार्जिंगले लावली की वरात मांडवात पोचेपर्यंत बिनघोर. वायर नाही, करंटची भीती नाही. अन् हे पाहा, एवढा उजेड पाडते पण गरमच होत नाही. हात ठेवून पाहा. ठेव न!

धुरपता : पाह्यला मी नांदेडच्या दुकानात. तुमच्याच संग गेलती न मी.

विजयमाला : हो न बाई. तूच तर मागं लागली होती. "विजूबाई, ते नवे एलईडीचे लाइट आना, मान मोडून राह्यली आमची." आमच्या यायचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं तवापासून माझा पिच्छा पुरवला तू.

धुरपता : पुरवला. खोटं कायले बोलू? तुमचे मालक वामनभाऊ होते, त्या वक्ताचे ते लोखंडी झुंबर, त्यातले ते मोठमोठे बलब. चुंबळ ठेवली तरी टाळू भाजे. माह्या मागं चालनाऱ्या सुखीबाईले पावसात करंट लागला, त बिचारी दोन दिवस बोललीच नाही. मीच म्हटलं होतं साऱ्यायले, एलईडी येऊ द्या, मंग पाहा कसं फूल उचलल्यासारखं चालतो आपन.

विजयमाला : मग? आता लागते का कोणाले करंट?

धुरपता : आता कोनी डोक्यावर घेतच नाही, त करंट लागन कोनाले?

विजयमाला : ...चहा ठेवू का तुझ्यासाठी?

धुरपता : नका ठेवू. कामाचं बोलाले आली मी. जमनीच्या पायलचं लग्न हाय येत्या रविवारी.

विजयमाला : माहीत आहे न मले. मुकुटबनचा पोरगा आहे म्हणे, सिमेंटच्या कामावर.

धुरपता : मंग तिच्या रांगीचं कसं करता?

विजयमाला : रांगीचं?

धुरपता : असं काय करता बाई? वामनभाऊ होते तवापासूनची रीत हाय. आपल्या लाइट उचलनाऱ्या बारा जनीतल्या कोनाच्या लेकीचं लग्न असलं, की बाकीच्यायनं डोक्यावर लाइट घेऊन तिच्या वरातीत चालाचं. पैसे घ्याचे नाही. लाइट अन् जनरेटर तुमच्या घरचा. रोडवरून नवरदेव घेतला की बोळीतून मांडवापर्यंत दोन्ही अंगानं उजेड. माह्या मोनालीसाठी चालल्या, सुखीबाईच्या दोन्ही पोरीसाठी चालल्या. जमनी त साऱ्यायच्या लेकीसाठी चालली. आता तिची एकुलती एक लेक हाय, अन् तिची बारी आली त रांगच नाही.

विजयमाला : अवं माय! मले सुचलंच नाही व हे. असं कर, गाडी घेऊन जा. फुकट देतो. ड्रायव्हरसुद्धा माझा.

धुरपता : गाडी आमच्या बोळीत शिरते का? नालीवरच्या फरशीवरून सायकल उतरून न्या लागते आमाले.

विजयमाला : रोडवर उभी ठेवू. चांगला लांबवर पडते तिचा उजेड.

धुरपता : रोडवरून पडलेल्या उजेडात जावई आनाचा जमनीनं?

विजयमाला : तसं नाही... मग जुने झुंबर... नाही, ते तर विकले मी.

धुरपता : विकले? कोनाले?

विजयमाला : भंगारवाल्याले. दिवाळीच्या साफसफाईत. खोलीत जागा अडून राह्यली होती, अन् त्यायचं करायचं तरी काय होतं? हे असते तर कदाचित ठेवले असते. ते खिळासुद्धा फेकत नव्हते.

धुरपता : एक त राहू द्याचा. माहावाला तरी. त्याच्या दांडीले मी लाल फडकं बांधलं होतं.

विजयमाला : मले काय माहीत व मावशी? तू म्हटलं असतं तर दिला नसता का तुले?

धुरपता : मले तरी काय माहीत तुमी विकून राह्यल्या? दिवाळीपासून मले बलावलं कवा तुमी?

विजयमाला : बरं, ऐक. त्या दुकानात डोक्यावरचेही होते न, एलईडीचे? तू घालून पाह्यला होता एक. कशी हसली होती तू, "विजूबाई, हे त काहीच लागून नाही राह्यलं!" ते मागवतो मी. आज फोन लावला तर परवापर्यंत येतीन उमरखेडले. पायलच्या लग्नाले नवेकोरे लाइट. झालं?

धुरपता : लाइट येतीन बाई. चालन कोन?

विजयमाला : तुमी सगळ्या.

धुरपता : माह्यासंग कोनी बोलत नाही. तुमाले कोनी सांगतलं नाही का? नळावर गेली की माह्या पान्याच्या गुंडाच्या मागं गुंड ठेवत नाही कोनी. सुखीबाई त मले पाहून दार लावते. म्हनतात, धुरपतानंच मालकिनीच्या कानाले लागून गाडी आनवली. धुरपता नांदेडले गेली, एसटीत मालकिनीच्या बाजूनं बसली, हाटेलात जेवली, अन् आमच्या पोटावर पाय देऊन आली. लगनसराईत आमची मीठमिरची सुटे त्या लाइटवर. आता साऱ्या जनी तूर सोंगाले, कापूस येचाले. ज्यायले वाकता येत नाही त्या घरी बसल्या.

विजयमाला : काहीतरीच! तू कायले माझ्या कानाले लागशीन?

धुरपता : तेच मी सांगतो त्यायले. मी लाइट आना म्हटलं होतं, गाडी आना नाही म्हटलं. कोनी आयकत नाही. म्हनून आली मी तुमच्याकडं. तुमी या बस्तीत. साऱ्यायले बसवा अन् सांगा, गाडी मी माह्या मनानं घेतली, धुरपताचा त्यात हात नाही. तुमचं आयकतीन त्या. मंग लाइट आले की पायलसाठी चालतीन. मले रांगीत घेतलं नाही तरी चालन. पन पायलची वरात अंधारात नको.

विजयमाला : सांगतो न. त्यात काय आहे? आज संध्याकाळीच येतो.

धुरपता : या बाई. लय उपकार होतीन.

विजयमाला : उपकार कायचे?... पण मावशी, एक गोष्ट आहे.

धुरपता : काय?

विजयमाला : मी तुले विचारलं होतं. दुकानदारानं गाडी दाखवली तवा. मी म्हटलं, मावशी, काय करू, डोक्यावरचे घेऊ की गाडी? तू म्हटलं, "घ्या न गाडी, तुमचा फायदा होते ते पाहा." म्हटलं होतं न?

धुरपता : म्हटलं होतं.

विजयमाला : मग मी कसं म्हणू, तुझा हात नाही म्हणून?

धुरपता : बाई, मालकीन दुकानात चार लोकायसमोर विचारते, गाडी घेऊ का. तवा माह्यासारखीनं काय म्हनाचं? नका घेऊ? माहं पोट हाय म्हनून तुमी तुमचा फायदा सोडा? असं तोंड वर करून म्हनाले येते का कोनाले?

विजयमाला : यायले तर तू तोंडावर म्हणत होती सगळं.

धुरपता : वामनभाऊ इचारतच नव्हते. ते शिव्या द्याचे, मी शिव्या द्याची, मंग काम होये. तुमी गोड बोलता. गोड बोलनाऱ्याले नाही म्हनता येत नाही.

विजयमाला : मी तरी काय करू व? बाकीच्या सगळ्या लाइटवाल्यायनं गाड्या आणल्या. लोकं फोनवर पहिले तेच विचारतात, एलईडीची गाडी आहे का? बारा बायका, त्यायचं जेवण, नेणं-आणणं, एक आजारी पडली की दुसरी शोध. डिझेल तर नुसतं पीत होता तो जनरेटर. धंदा बंद झाला असता तर तुमी तरी कुठं चालल्या असत्या?

धुरपता : मी कुठी म्हनतो तुमचं चुकलं? लाइट चांगलाच हाय. लाइटचा कायचा दोष? आमी एकीमागं एक वायरनं बांधेल राहत होतो. पुढचीनं पाय उचलला की मागचीले वढ लागे. सुखीबाई थकली की मले न पाहता समजे, वायर ताने न. मी पुढून म्हनो, "हळू व, सुखी थकली." आता वायर नाही, ते चांगलंच झालं. पन त्या बायासंग माहं दुसरं होतं तरी काय?

(जमनी दारात येते. हातात पत्रिका आणि कुंकवाची वाटी.)

जमनी : हायेत का विजूबाई? ...हे बी हाय का इथी.

विजयमाला : ये जमनी, ये. तुझंच चाललं होतं आमचं.

जमनी : माहं कायले चालवता? बसत नाही मी, अजून अर्धी बस्ती राह्यली. घ्या, कुंकू लावा. रविवारी या. जेवाले या बरं का, नुसतं पाकीट देऊन पळू नका.

विजयमाला : येणार न. पायलचं लग्न अन् मी येणार नाही? ऐक, त्या रांगीचं...

जमनी : रांग कुठी राह्यली बाई? पोट्टे म्हनतात, काकू, आमी मोबाइलच्या बॅटऱ्या लावतो बोळीतून, झकास दिसते. दिसन. आताच्या पोट्ट्यायले त्याचंच कवतिक.

विजयमाला : मी नवे लाइट मागवून राह्यली. डोक्यावरचे, एकदम हलके. पायलसाठी.

जमनी : एका रातीसाठी? अन् मंग ठेवसान कुठी? जुने त जागा अडते म्हनून भंगारात देले म्हने तुमी.

धुरपता : जमने, घे न. बाई मनानं देऊन राह्यल्या.

जमनी : तू नको बोलू मधात. बाई, तुमच्यावर माहा राग नाही. तुमचा धंदा हाय, तुमाले जसं परवडते तसं तुमी करसान. माह्या घरी येऊन कोनी इचारलं असतं त मीबी तेच सांगतलं असतं. पन हे आमच्यातली हाय. आमच्या रांगीत पुढं चाले. एक गोठ खरी सांगा मले. नांदेडले, त्या दुकानात, गाडी घ्या असं इनं म्हटलं का नाही?

विजयमाला : तसं नाही व जमनी. मी तिले...

जमनी : म्हटलं का नाही म्हटलं?

विजयमाला : ...म्हटलं. पण...

जमनी : बस झालं. तुमच्या तोंडून आयकाचं होतं मले.

धुरपता : जमने, पुरं आयकून त घे माय. तुह्या पाया पडतो.

जमनी : पाया नको पडू. तुह्या मोनालीच्या लग्नात मले ताप होता, धुरपते. तू म्हटलं, घरी जाय, एकीनं काही अडत नाही. मी गेली नाही. म्हटलं, धुरपताची लेक हाय, एका बाजूनं उजेड कमी दिसन. त्या झुंबराखाली घामानं निथळत चालली मी. अन् तुले माही एक पोरगी आठवली नाही?... जातो बाई. रविवारी या.

विजयमाला : जमनी! अवं थांब न! जमनी!

धुरपता : नका बलावू. गेली ते.

विजयमाला : मी जातो तिच्या मागं.

धुरपता : आता जाऊन काय सांगसान? म्हनन, धुरपतानं पढवून धाडली. खोटं त तुमी बोलल्याच नाही.

विजयमाला : मी 'पण' म्हटलं होतं. तिनं ऐकून घेतलं नाही.

धुरपता : पनच्या पुढं काय होतं बाई?

विजयमाला : की... ठरवलं मीच होतं. तुले नुसतं विचारलं.

धुरपता : एवढंसंच न? ते आधी नाही म्हनता आलं?

विजयमाला : नाही आलं. तिनं तसं रोखून पाह्यलं अन्... मले वाटलं, आता हे मलेच धरन. चुकलं मावशी माझं. लय चुकलं.

धुरपता : राहू द्या. रडू नका. गिऱ्हाईक येईन एखादं.

विजयमाला : येऊ दे... मी एक बोलू? तू दुकानात "घ्या गाडी" म्हटलं न, मी लगेच पैसे दिले नाही. दुकानदाराले म्हटलं, थांबा, आधी चहा सांगा. आठवते तुले?

धुरपता : आठवते.

विजयमाला : मले चहा नको होता. मी तुले वेळ देऊन राह्यली होती. म्हटलं, आता मावशी म्हणन, "बाई, गाडी नको, आपण डोक्यावरचेच नेऊ." तू एकदा म्हटलं असतं न, तर मी नसती घेतली. देवाशपथ नसती घेतली.

धुरपता : मीबी तो चहा हळूहळू पेली, बाई. म्हटलं, आता तुमीच म्हनसान.