बत्तीस खाने

शेरमात : बोर्सोक परत कच्चेच तळलेत, आत नुसतं पीठ. रस्ते खात्याचे लोक यंत्र बघायला आतल्या खोलीत येऊन बसलेत, आणि त्यांच्यापुढे हे ठेवायचं?

बेगिमाय : तळणाऱ्याला नंतर झापा, शेरमात बाइके. सर्व्हर चालू केलाय.

शेरमात : शाब्बास. ड्यूटीवरच्या माणसाच्या नावाच्या जागी ‘Ali’ टाक. नेहमीसारखं.

बेगिमाय : आज पूर्ण नाव टाकतेय. नूरदोलोत इस्मायिल उलू.

शेरमात : तुझ्या भावाला कशाला आणतेस यात? गेला बिचारा.

बेगिमाय : घाटातल्या चौकीत त्याचा पहिला दिवस होता. सर्व्हरनं त्याचं नाव पाठवलं आणि चौकीतलं आपलं इशाऱ्याचं यंत्र मेलं. बर्फाचा कडा सुटला, भोंगा वाजलाच नाही. चौकी गेली, खालचे ट्रक गेले.

शेरमात : भोंगा बंद करून झोपला होता तो. चौकशीत ठरलंय ते.

बेगिमाय : चौकशीवाल्यांना सांगितलं कुणी?

शेरमात : नावानं कुठं यंत्र मरतं का, बाई? नावाला बत्तीस खाने ठेवलेत. त्याचं बाविसात बसतं. मोजता येतं मला.

बेगिमाय : इंग्रजी अक्षरांत बसतं. आपलं एकेक किरगिझ अक्षर दोन-दोन खाने खातं. तुम्ही जन्मात ‘Ali’ सोडून काही टाकून पाहिलं नाहीत. उरलेलं नाव शेजारी सांडलं. तिथं प्रोग्रामनं परत कुठं जायचं ते लिहिलेलं असतं. ते पुसलं गेलं, संपलं.

शेरमात : पण सर्व्हर आपला होता! आपल्याच सर्व्हरवर कसला संशय घ्यायचा?

बेगिमाय : तेव्हाही हेच म्हणालात. आलेलं आधी मोजायचं, मावत नसेल तर घ्यायचंच नाही, एवढ्या ओळी घातल्या होत्या मी. घरच्या माणसाची कुणी दारात झडती घेतं का, म्हणून हसलात. काढायला लावल्यात.

शेरमात : मग आता घाल! माझी ना आहे का?

बेगिमाय : घातल्यात. ते यंत्र पलीकडे ठेवलंय. आधी जुनं दाखवणार. त्यांच्यासमोर मरू दे.

शेरमात : कंपनी बुडेल गं. तुझी नोकरीसुद्धा.

बेगिमाय : बुडू दे. त्याच्या मयताला आम्ही अंगणात तंबू उभारला. रिवाजाप्रमाणे गावातून रडत यायला हवे होते सगळे. एक माणूस आलं नाही. ट्रकवाल्यांना मारणाऱ्यासाठी कोण रडणार? आई एकटीच रडली, आणि आजही तिच्याकडे कुणी चहाला येत नाही.

शेरमात : काय पाहिजे तुला? मुख्य इंजिनियर करतो. आज करतो.

बेगिमाय : खुर्ची तुमच्याकडेच ठेवा, लागेल बसायला. एक तर मी हे नाव पाठवते, नाहीतर तुम्ही दार उघडून आत बोलता.

शेरमात : मला छातीचा त्रास आहे, ठाऊक आहे ना?

बेगिमाय : गोळी घ्या. पाणी भरून ठेवलंय. मी थांबते.

शेरमात : काय बोलू मी त्यांच्यापुढे?

बेगिमाय : तेही मीच लिहून देऊ?

शेरमात : बोट काढ त्या कळीवरून.

बेगिमाय : आधी तुम्ही उठा.

(दार उघडल्याचा आवाज. आतलं बोलणं थांबतं.)

शेरमात : माफ करा, मंडळी. यंत्र दाखवण्याआधी... घाटातला तो पोरगा झोपला नव्हता. भोंगा आमच्यामुळे गप्प राहिला. मला ते त्याच दिवशी कळलं होतं.