पुजादिझम या शब्दाचं कार्ड

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, कोशमंडळातील माझे सहकारी, जमलेले स्नेही आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या सहसंपादक बाई,

बाईंच्या विद्वत्तेवर बोलून माझी पाच मिनिटं सुखात संपली असती. पण आज मला दुसरंच काही सांगायचंय.

अठरा वर्षांपूर्वी नव्या कराविरुद्ध बाजार बंद होता, आठवतं? नेमकी तेव्हाच आमच्या इंग्रजी-मराठी कोशात 'पुजादिझम' ही नोंद चालली होती. अर्थ, छोट्या दुकानदारांचा करविरोध. व्युत्पत्ती? पुजाद नावाचा एक परदेशी दुकानदार, वह्या-कागद विकणारा. त्यानं शेजारी गोळा केले आणि तपासनिसांना दुकानं तपासू दिली नाहीत. त्याच्या आडनावाचाच शब्द झाला. नोंदीच्या हाती लिहिलेल्या कार्डावर एवढंच होतं.

कुणीतरी चुगली केली. सकाळी चौकशीला दोन सरकारी साहेब आले. एकानं दार आतून लावलं. दुसऱ्यानं विचारलं, "लोकांना हे शिकवणारा कोण?"

मी प्रूफं घेऊन कपाटामागे. घरी बायकोला सातवा महिना.

"मी लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"व्युत्पत्ती काढा."

"शब्दाचा बाप कोण, ते माझ्या हातात थोडंच आहे, साहेब?"

त्यांना गाडीत घालून नेलं. तीन दिवस! जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराकडे बघायचो. कार्डावरचं अक्षर बाईंच्या अक्षराशी ताडून पाहिलं तर?

ताडून पाहिलंच. चौथ्या दिवशी बाई परतल्या, बोटं सुजलेली. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शंभरदा ती नोंद लिहून घेतली रे. तुझ्या अक्षरात लिहिताना तुझा तो पोटफुग्या 'ज' तेवढा जमता जमत नव्हता. घरी बोलू नकोस, ती घाबरेल."

होय, मंडळी. कार्ड माझं होतं. बाईंची मुख्य संपादकाची खुर्ची गेली, चार वर्षं गोदामात काढली. कोशातून व्युत्पत्ती गाळली गेली. आज ती चारचौघांत पहिल्यांदाच सांगितली. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही, आणि मागच्या रांगेतले दोन पाहुणे कोण, मला ठाऊक नाही.

बाई, बस म्हणून खुणा करू नका. झालंच.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. अठरा वर्षं गप्प बसलो, त्याची माफी मात्र मी फक्त बाईंकडे मागतो.