दाराआडचा हात

(गोंदिया, जुलै १९५७. फ्लूची साथ. दवाखान्यात डॉक्टर आणि कंपाउंडर चैतराम. पलीकडच्या खाटेवर धुरपता. उशाशी तिची मोठी जाऊ शामकला.)

डॉक्टर : श्वास मिनिटाला चाळीस, ओठ निळे. आणि कालच्या रक्ताच्या नमुन्यात पांढऱ्या पेशी सहा हजार. निरोगी माणसाइतक्या.

चैतराम : दवनीवाड्याला हिच्या घरून मीच आणला साहेब. शीशीवर नाव बराबर आहे.

डॉक्टर : नावावर माझा आक्षेप नाही. फ्लूवर न्यूमोनिया चढला की या पेशी बहुधा पंधरा-वीस हजारांवर जातात. वाढल्या नाहीत, म्हणून काल पेनिसिलिन दिले नाही. कुप्या चार आणि रुग्ण अकरा. आकडा पाहूनच वाटणी केली.

चैतराम : गिनती चुकली असंल.

डॉक्टर : तीनदा मोजल्या. डोळे थकले, आकडा हलला नाही.

शामकला : डॉक्टरसाब, सुई काऊन नाही देऊन राहिले? पोरगी जाऊन राहिली ना हातची!

डॉक्टर : देतो, बाई. चैतराम, उरलेल्यांतली एक कुपी फोडा. काल हिचा चेहरा पाहिलात?

चैतराम : नवी सून हाय साहेब, परक्यासमोर येत नाही. दाराआडून हात आला, मी रक्त घेतलं.

डॉक्टर : हिच्या दोन्ही कोपरांत सुईची खूण नाही. शामकलाबाई, तुमच्या डाव्या कोपरात हे काळेनिळे कशाचे?

शामकला : तो हात माहाच होय जी.

चैतराम : अवो बाई!

शामकला : ओरडता कायले? तिच्या अंगात रक्त होतं कोठी? पांढरीफटक पडली होती. म्हटलं, माहं घ्या, मले लय आहे. रक्त न्यायले आले, मंग कोणाचं का असेना!

डॉक्टर : दंड धरा तिचा. हं. झाले.

शामकला : वाचंल का जी?

डॉक्टर : ठाऊक नाही. काल दिले असते, तर आशा अधिक होती.

शामकला : म्हंजे मीच...

डॉक्टर : तुम्ही नाही. कोणाचे रक्त घेतो आहोत, हे आम्ही पाहिले नाही. चैतराम, बाकीच्या दहांपैकी किती दाराआडून?

चैतराम : ...चार, साहेब.

डॉक्टर : सायकल काढा. चौघींचे पुन्हा घ्या, तोंड पाहून. आणि त्याआधी हिच्या कागदावर लिहा : तपासलेले रक्त शामकलाचे. धुरपताचे रक्त घेतलेच नव्हते.