डिस्क नसलेला डबा

सोमवारचं मौन सूर्यास्तापर्यंत पाळायचं, म्हणून रंगूआजी अलिबागच्या एसटी स्टँडवर तोंड मिटून बसल्या होत्या. शेजारी एक काका नि त्यांची पुतणी त्याच तळा गावाच्या गाडीची वाट बघत होती. पुतणीनं व्हिडिओ गेमचा कोरा डबा उघडला.

"काका, ह्यात डिस्कच न्हाय! नुसता नंबरचा कागद हाय."

"मग नंबर टाकला की झालं."

"टाकून सगळा गेम नेटवरनं उतरवायचा! आपल्याकडं साध्या फोनला अंगणात जावं लागतं."

"तरी सांगत होतो, ऑनलाईन घे. स्वस्त पडतं."

"तो पण उतरवायचाच ना? म्हणून तर दुकानात आले."

"पनवेलला जुने मिळतात."

"मागं आणला की! नुसते ओरखडे, अर्ध्यात अडकला. सम्यक प्लास्टर घालून पडलाय, भावाला परत तसलाच देऊ?"

"दुकानदाराला विचारायचंस."

"विचारलं! 'डिस्क आहे ना?' 'आहे ताई, आहे.' तोंड वर करून खोटं बोलला मेला!"

"उद्या बघू, साक्षी. ह्यानंतर गाडी न्हाय."

"उद्या न्हाय. आत्ता त्याच्या पुढ्यात डबा आपटते. चला!"

दोघं तरातरा निघाली, आणि गाडी लागली. सगळे चढले. रंगूआजींनी एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा खालीच, आणि कमरेची पिशवी सावकाश सोडायला घेतली.

"आजी, चढताय की उतरताय?" कंडक्टर खेकसला. "जायचंय कुठं?"

रंगूआजी ती दोघं गेली त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मौन सुटायला अजून तासभर होता.