मंचामागचा प्लग

(फूलबाग. प्रचारसभेच्या मंचामागे, भर दुपारी.)

अवंतिका : बाबा, मशीन चालू झाली ना? आजी, नाकातली नळी हलवू नको.

रमाकांत : झाली, हिरवा दिवा लागलाय. आई, श्वास घे. सावकाश.

अनसूया : घेते रे बाबा. दौलतगंजापासून जीव मुठीत धरून आलेय.

अवंतिका : ऑक्सिजन नव्वदच्या वर आला! बच गए, बाबा! आजी, तुझे ओठ निळे पडले होते, मैं तो डर ही गई थी.

रमाकांत : देवा रे! सुटलो. घरची लाइट गेली तेव्हा काय करावं ते सुचेना, आई.

अनसूया : कसं सुचणार? घोषणा ऐकून घरचा इन्व्हर्टर विकणारा अख्ख्या गल्लीत तू एकटाच.

रमाकांत : गेल्या निवडणुकीत साहेब चोवीस तास वीज देऊ म्हणाले होते गं. मीच तर घरोघर पत्रकं वाटली. नवा ट्रान्सफॉर्मरसुद्धा येणार होता.

अवंतिका : नव्या ट्रान्सफॉर्मरचा नुसता बोर्ड लागला, बाबा. ट्रान्सफॉर्मर तोच जुना, आज सकाळी उडाला तो. लाइनमन म्हणाला, भैया, बदलने का बजट ही नहीं आया.

अनसूया : बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

अवंतिका : आणि बाबा, हा सभेचा जनरेटर कोणी ठरवला?

रमाकांत : मीच.

अवंतिका : का?

रमाकांत : मधेच लाइट गेली तर साहेबांचा माइक बंद पडेल, म्हणून.

अवंतिका : वा! म्हणजे साहेबांना जनरेटर आणि आजीला घोषणा?

रमाकांत : आता काय सांगू तुला? चुकलं माझं. आजच संध्याकाळी इन्व्हर्टर आणतो, मग कोणी काहीही घोषणा करू दे.

अनसूया : पुरे गं अवंतिका. मंचवाल्यांचा कूलर काढून त्यानेच माझा प्लग लावला ना? केवढ्या शिव्या खाल्ल्या बिचाऱ्याने! भोळा आहे, पण माझा आहे.

रमाकांत : आई...

अनसूया : भर सभेत रडू नको. ते साहेब काय म्हणताहेत, ऐक जरा. मला नीट कळत नाही.

रमाकांत : चोवीस तास वीज देऊ म्हणताहेत. परत.

अवंतिका : आजी! तू टाळ्या कशाला वाजवतेस?

अनसूया : अगं, ते बोलताहेत तोवर जनरेटर चालू आहे. तुम्हीही वाजवा.